पापणीवर आयलायनर गोंदवण्याआधी

परमनंट आयलायनर करायचं मनात असेल, तर पहिली अपॉइंटमेंट डोळ्यांच्या डॉक्टरांची घ्या. पार्लर, स्टुडिओ, स्किन क्लिनिक हे सगळं त्यानंतर. मी ठाण्यात हे करून घेतलं त्याला आता वर्ष उलटून गेलंय. जे झालं त्यावर मी मनापासून खूश आहे, आणि त्याचं मोठं श्रेय सुई लागायच्या आधी झालेल्या गोष्टींना आहे. मैत्रिणी विचारतात तेव्हा दुखलं का आणि किती पैसे लागले एवढंच विचारतात. या आधीच्या गोष्टी कुणी विचारत नाही, म्हणून त्याच सविस्तर लिहितेय.

माझं कारण अगदी साधं होतं. जवळचा चष्मा लागला. तो घातला तर डोळ्यापर्यंत पेन्सिल पोचत नाही आणि काढला तर आरशात पापणीची कडच दिसत नाही. त्यात रोजचा ठाणे ते ऐरोली प्रवास, ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी, मे महिन्यातला घाम. ऑफिसात पोचेपर्यंत काजळ डोळ्यांखाली उतरलेलं. मला लांब काढलेली शेपटी, जाड रेघ वगैरे काही नको होतं. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी थोडा गडदपणा हवा होता, इतकंच. याला लॅश एन्हान्समेंट म्हणतात.

घरात विषय निघाला तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लग्नाआधी जत्रेत गोंदवलेलं तुळशीवृंदावन आहे. तेव्हा ते काळंभोर होतं म्हणे. आता ते हिरवट निळं दिसतं, रेषा दुपटीने जाड झाल्यात, पायऱ्या एकमेकींत मिसळल्यात. "डोळ्यावर असं पसरलं तर काय करशील गं?" त्यांनी विचारलं. पुढे जितकं वाचलं आणि विचारलं, तितका हाच प्रश्न सगळ्यात नेमका निघाला.

काळा रंग त्वचेत खोल बसला की वरून निळसर दिसतो, कारण प्रकाश त्वचेतून आतबाहेर जाताना बदलतो. हातावर ते चालून जातं. पापणीची त्वचा मात्र सबंध शरीरात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखालचा भागही सैल असतो. रंग तिथे आतल्या थराच्या अगदी वरच्या भागात राहायला हवा. सुई जरा खोल गेली, किंवा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात रेघ ओढत नेली, की रंग आत पसरतो आणि पापणीवर निळसर छाया दिसू लागते. ही छाया धुऊन जात नाही. लेझरने काढायची म्हटली तर भूल देऊन पापणीखाली, थेट बुबुळावर धातूचं कवच बसवावं लागतं. शिवाय रंगात लोह ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल, तर लेझरने तो फिकट व्हायच्या ऐवजी एकदम काळपटही पडू शकतो. म्हणून 'नाही आवडलं तर काढून टाकू' हा हिशेब पापणीच्या बाबतीत धरू नका.

मी सगळ्यात आधी चौकशी केली ती एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर. नाव सांगत नाही. तिथे सवलत होती, त्याच दिवशी बसा म्हणत होते. रंग 'शंभर टक्के ऑरगॅनिक, भाजीपाल्यापासून केलेला' आहे, त्यामुळे पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी येते का ते बघायला त्वचेवर आधी थोडा रंग लावून पाहणं, लागत नाही, असं सांगितलं. डोळ्यांचा काही त्रास आहे का, कुठली औषधं चालू आहेत का, हे विचारलंच नाही. वर "काजळासारखं आतल्या कडेलाही भरून देऊ" असा आग्रह. मी तिथून निघाले. ऑरगॅनिक या शब्दावर विसंबू नका, कारण काळा रंग बहुतेक वेळा कार्बनचा किंवा लोह ऑक्साइडचा असतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सौंदर्यासाठी त्वचेत टोचायच्या एकाही रंगाला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. म्हणून बाटली हातात घेऊन बघायची. कंपनीचं नाव, घटक, बॅच नंबर, मुदत हे सगळं छापलेलं असलं पाहिजे.

आतल्या कडेचा मुद्दा मला नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी समजावला, तेव्हा खरं गांभीर्य कळलं. त्यांनी आधी खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवून अश्रू किती येतात ते पाहिलं. पाच मिनिटांत पट्टी दहा मिलिमीटरसुद्धा ओली झाली नाही, तर अश्रू कमी आहेत असा संशय घेतात. माझी त्यापुढे भिजली. मग डोळ्यात नारिंगी रंग लावून निळ्या प्रकाशात बघितलं. पापणी न मिटता डोळ्यावरचा ओलावा किती सेकंद टिकतो ते त्यात कळतं. दहा सेकंदांच्या आत तुटला तर कमी. माझा लवकर तुटत होता. मग यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी कापसाच्या काडीने पापणीची कड हलकेच दाबली आणि समोरच्या पडद्यावर मला दाखवलं. पापणीच्या कडेवर एका ओळीत बारीक बारीक छिद्रं असतात. वरच्या पापणीत पंचवीस-तीसच्या पुढे, खाली त्याहून थोडी कमी. या मायबोमियन ग्रंथी. त्यांतून येणारं पातळ तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत. माझ्या काही छिद्रांमधून तेल येण्याऐवजी टूथपेस्टसारखं पांढरं, घट्ट काहीतरी बाहेर आलं.

"काजळाची आतली कड म्हणजे ही," मॅडम म्हणाल्या. "इथे सुई लावली तर या ग्रंथींनाच इजा होते. गेलेली ग्रंथी परत येत नाही." पापणीच्या टॅटूनंतर या ग्रंथी कमी झाल्याचं आणि डोळे कोरडे पडल्याचं संशोधनातही दिसलंय. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईने तर हे नीट मनात ठेवावं. सुई केसांच्या मुळांशी, बाहेरच्या बाजूलाच राहिली पाहिजे. आतल्या ओल्या कडेवर अजिबात नाही.

त्यांनी मला थांबवलं. रोज कोमट पाण्याच्या घड्या, पापण्यांची स्वच्छता, डोळ्यात घालायचे थेंब. वारंवार रांजणवाडी होते का, हेही विचारलं, कारण होत असेल तर आधी तिचा बंदोबस्त. पुढच्या तपासणीत तेल मोकळं येताना दिसलं, तेव्हाच वरच्या पापणीपुरती परवानगी दिली. खालच्या पापणीला नको म्हणाल्या आणि मी ते ऐकलं. डोळे आलेले असताना, पापण्यांच्या कडा सुजलेल्या असताना, लेसिकच्या (चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझरच्या) किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला फार दिवस झाले नसताना, गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे करायचंच नाही. मधुमेह असेल, त्वचेवर गाठीसारखे वण उठत असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या ज्यांनी दिल्यात त्यांनाच विचारा. पापण्यांचे केस वाढवायचं सीरम लावत असाल तर ते काही आठवडे आधीच थांबवायचं. चिकटवलेल्या पापण्याही काढून ठेवायच्या.

मग जागा निवडली. वाशी, खारघर, घोडबंदर रोड, राम मारुती रोड, सगळीकडे फोन केले. दरांत तिपटी-चौपटीचा फरक निघाला. कुणी टचअप, म्हणजे रंग कमी राहिला तिथे नंतर पुन्हा भरणं, धरून सांगत होतं, कुणी सोडून. हे आधीच विचारून घ्या. पण मी निवड केली ती वेगळ्या कारणाने. ताजं काम सगळेच दाखवतात आणि ताजं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. मी प्रत्येकीकडे एक-दोन वर्षांपूर्वी केलेल्या डोळ्यांचे फोटो मागितले. ज्या ताईंनी जवळून काढलेले, न सजवलेले फोटो पुढे ठेवले आणि एका फोटोत रंग कुठे कमी राहिलाय तेही बोट ठेवून दाखवलं, त्यांच्याकडे मी गेले. त्यांनी कानामागे पॅच टेस्ट केली. केसांच्या डायची ॲलर्जी आहे का, दाताच्या डॉक्टरकडे भुलीचं इंजेक्शन घेताना कधी त्रास झाला होता का, हे विचारून लिहून घेतलं. पॅच टेस्ट म्हणजे पूर्ण हमी नाही, ॲलर्जी पुढेही उठू शकते, हेही स्पष्ट सांगितलं.

त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी टाळली, आणि नवऱ्याला बरोबर नेलं, कारण परतताना डोळे सुजलेले असतात, रिक्षात धूळ, उजेड काही सोसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर चष्म्यावरच जायचं आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत लेन्सला हात लावायचा नाही.

आधी मला ताठ बसवून, डोळे उघडे ठेवून पेन्सिलने खुणा केल्या. झोपल्यावर पापणी वेगळी पडते, त्यामुळे आखणी बसूनच करायची असते. माझा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तिथली ओळ केसभर जाड धरली. मग भुलीचं क्रीम. इथे डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. त्वचा बधिर करायची काही क्रीमं अल्कधर्मी असतात आणि डोळ्यात गेली तर बुबुळाला रासायनिक भाजणं होऊ शकतं. त्याच क्रीमने डोळाही बधिर होत असल्याने ते लगेच समजतही नाही. म्हणून क्रीम कुठलं, ते डोळ्यांजवळ लावण्याजोगं आहे का, हे विचारा. माझ्या पापणीवर त्यांनी काडीने अगदी थोडं लावलं, समोर सलाइनची बाटली ठेवली आणि पूर्ण वेळ शेजारी बसून राहिल्या. सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, त्यावरची तारीख मला वाचायला दिली. रंग नव्या छोट्या कपात ओतला, उरलेला टाकून दिला. हातमोजे दोनदा बदलले. हिपॅटायटिस बी, सी इथल्या हलगर्जीपणातूनही पसरू शकतो, तेव्हा 'आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं' यावर समाधान मानू नका. प्रत्यक्ष बघा.

दुखलं फार नाही. दोन बोटांनी पापणी ताणून धरलेली, मशीनची थरथर कपाळापर्यंत जाणवत होती आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं. मध्येच शिंक आली तर आधी हात वर करायचा, असं ठरलं होतं. सगळं मिळून दोनेक तास गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज सगळ्यात जास्त असते. आरशात बघून घाबरायला होतं, पण दोन-तीन दिवसांत ती ओसरते. वाढत गेली, पू आला, उजेड सोसेना किंवा दिसायला अंधुक झालं, तर स्टुडिओला फोन करत बसू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एरवी उताणं झोपायचं, उशीची खोळ रोज बदलायची, डोळे चोळायचे नाहीत, खपली नखाने काढायची नाही. खपलीबरोबर रंगही निघतो. वाफ, पोहणं, कडक ऊन बंद. घोडबंदरच्या धुळीत बाहेर पडताना मी चष्मा घालत होते. जुना मस्कारा फेकून दिला. खपल्या पडल्यावर रंग अगदीच फिका वाटतो, मग काही आठवड्यांत तो वर येतो, म्हणून टचअप सहा ते आठ आठवड्यांनी करतात. लग्नकार्य, गणपती डोळ्यांसमोर असेल तर एवढा वेळ हाताशी धरून तारीख घ्या.

दोन गोष्टी मला कुठल्याच स्टुडिओत सांगितल्या नव्हत्या. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. आमच्या सोसायटीच्या शिबिरात मी नेमाने रक्त देते, त्या वर्षी नाव नोंदवता आलं नाही. आणि एमआरआय करायची वेळ आली तर फॉर्मवर हे लिहायचं. रंगातल्या लोहामुळे क्वचित पापणी गरम होते किंवा सुजते. त्यासाठी एमआरआय टाळायचा नाही, तिथल्या टेक्निशियनला आधी सांगायचं. बॅच नंबरचा फोटो मी मोबाइलमध्ये जपून ठेवलाय.

माझं बघून नेरूळच्या नणंदेनेही ठरवलं. तिला खालची पापणीही हवी होती. मी तिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला ॲलर्जीने डोळ्यांना सतत खाज येते, हे ती बोलली नव्हती. डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली, थेंब दिले आणि खाज पूर्ण थांबल्याशिवाय सुई लावायची नाही असं बजावलं. ती थोडी हिरमुसली. स्टुडिओला मात्र तिने स्वतः फोन करून तारीख रद्द केली. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.