उत्तेजनार्थ

दुपारी साडेतीनला आमचा हॉल निम्मा रिकामा होतो. हजेरीच्या सगळ्या वह्या कार्यवाह म्हणून माझ्याकडे आहेत, त्यामुळे हे रागानं नाही, पुराव्यानं लिहितेय. जेवणापर्यंत नव्वद माणसं, जिलबी संपली की चाळीस. आणि मेळाव्यातली सगळ्यात चांगली गोष्ट घडते पाच वाजता, चहाबरोबर. ती एकदाही न पाहिलेली मंडळी पुढच्या महिन्यात देवळात भेटतात आणि विचारतात, "काय, कसा झाला यंदाचा कार्यक्रम?" तुम्ही जेवलात ना? मग छानच झाला.

शिकागोच्या उपनगरातलं आमचं मंडळ. महाराष्ट्र दिनाचा मेळावा १ मेच्या आसपासच्या शनिवारी असतो, आणि अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्टही नेमका त्याच दिवसांत येतो. २०१५ पर्यंत ही भानगड आमच्या ध्यानात आली नव्हती. त्या वर्षी पन्नास वर्षांनी ड्राफ्ट न्यूयॉर्क सोडून शिकागोत आला, ग्रँट पार्कमध्ये फुकट जत्रा भरली, आणि शनिवारी, २ मेला, आमच्या हॉलमध्ये गणपतीची मूर्ती, अध्यक्ष, मी आणि मसालेभाताचे सहा ट्रे. बाकी मंडळ ग्रँट पार्कात. सोमवारी कमिटीच्या बैठकीत मी काय काय बोलले ते इतिवृत्तात मीच लिहिलेलं नाही. पण निर्णय चांगला झाला. पुढच्या वर्षापासून ड्राफ्टच हॉलमध्ये आणायचा, भिंतीवर मोठा पडदा लावून.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजात खेळणारी पोरं व्यावसायिक संघांनी वाटून घ्यायची, बत्तीस संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. गेल्या हंगामात जो संघ तळाला होता त्याचा नंबर पहिला. मागच्या पंगतीत ज्याच्या पानात कमी पडलं त्याला या पंगतीत आधी वाढायचं, एवढंच तत्त्व. हा फुटबॉल मुख्यतः हातानं खेळतात, हे आमच्या कोल्हापूरच्या काकांना चाळीस वर्षांत पटलं नाही, तो वेगळा विषय.

काका म्हणजे या लेखाचं अर्धं कारण. मंगळवार पेठेतला जन्म, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल सामन्यांत घसा बसवून घेतलेलं बालपण. स्वतःही तालमीच्या संघात होते. "अकरांत कधीच न्हाई, बाराव्यात कायम," असं सांगायचे. १९८१ साली शिकागोत आले, १९८६ च्या जानेवारीत शिकागोच्या बेअर्स संघानं सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, ४६-१० असा मारला तो त्यांनी चार भाडेकरूंच्या एका टीव्हीवर पाहिला. तरीही ते बेअर्सचे नव्हते, पॅकर्सचे तर नव्हतेच. आमच्या मंडळात असा माणूस दुसरा नाही. इलिनॉयची मंडळी बेअर्सची, आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधून, मिलवॉकी-मॅडिसनकडून, गाडी हाकत येणारी ग्रीन बे पॅकर्सची.

म्हणूनच मेळाव्यात बेअर्सवाले आणि पॅकर्सवाले यांचा जो वाद होतो, त्याचा नियम त्यांनी घालून दिला. आपल्या संघाला काय मिळालं यावर अवाक्षर काढायचं नाही. फक्त समोरच्याच्या संघावर बोलायचं. सात मिनिटं. पहिल्या वर्षी कुणीतरी हरकत घेतली तेव्हा काका म्हणाले, "आपल्या पोराचं कौतुक आई करतीयाच की. शेजारीण काय म्हणती ते ऐकू."

औपचारिक भाग मी आटोपते. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून सेलवरची समई, गणेशवंदना, मनोगत, हिशोब. अकराला सुरू म्हणजे पावणेबाराला, कारण शनिवारी सकाळी नऊला इथे आयपीएलचा संध्याकाळचा सामना लागतो आणि निम्मी मंडळी शेवटची षटकं पार्किंगमध्ये, गाडीत बसून बघतात. मी काचेतून मोजते.

वाद रंगला तो २०१७ साली. त्या गुरुवारी बेअर्सनी तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी तीन जादा निवडी, म्हणजे खेळाडू घेण्याच्या पाळ्या, मोजल्या आणि मिच ट्रुबिस्की नावाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) घेतला. मिलवॉकीचे भाऊ उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "दर्शनाच्या रांगेत शेजारी तिसरे होते. पुढच्या माणसाला तीन नारळ देऊन दुसरे झाले. पुढच्याला गाभाऱ्यात जायचं होतं का, हे मात्र विचारलं नाही." हॉल कोसळला. त्याच रात्री दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीनं पॅट्रिक माहोम्स घेतला होता, ज्यानं पुढे तीन सुपर बोल जिंकले. भाऊंच्या भाषणात त्याचं नावही नव्हतं, हेही नोंदवून ठेवते, कारण आता ते आपण तेव्हाच सांगितलं होतं असं म्हणतात.

उत्तर द्यायला आमच्याकडून शॉमबर्गच्या वहिनी. पॅकर्सनी आपला २९वा नंबर क्लीव्हलँडला विकून पहिली फेरी सोडली होती, आणि लगेच ३०व्या नंबरवर पिट्सबर्गनं टी. जे. वॉट उचलला. वॉट मिलवॉकीजवळच्या पिवॉकीचा, शिकला मॅडिसनला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "दारातला हापूस. शेजाऱ्यांनी तोच नेला, आणि यांनी बाजारात जायला पिशवी शोधली." भाऊंनी उठून नमस्कार केला. वॉट २०२१ साली साडेबावीस सॅकसह (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) एका हंगामातल्या जुन्या विक्रमाची बरोबरी करून बसला, तेव्हा वहिनींनी भाऊंना हापूसची पेटी पाठवली. ही पेटी कुणाच्या खर्चानं, ते विचारू नका.

माझं स्वतःचं भाषण एकदाच लक्षात राहिलं, नको त्या कारणानं. २०२०. सगळं झूमवर. लीगचे कमिशनरही आपल्या तळघरातून नावं वाचत होते, म्हणजे आमची अवस्था काही वेगळी नव्हती. पॅकर्सकडे ॲरन रॉजर्स असताना त्यांनी चार जागा वर चढून, २६व्या नंबरवर जॉर्डन लव्ह हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. मी सात मिनिटं हसवलं. कर्ता पुरुष ओसरीवर बसलेला असताना वाटण्या करायला निघाले, वगैरे. रॉजर्स पुढची दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा मी फुशारले. मग २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, लव्ह त्याच्या जागी आला आणि पहिल्याच वर्षी संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घेऊन गेला. भाऊंनी माझ्या त्या भाषणाची झूम-फीत जपून ठेवली आहे. बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकनं आजवर एका हंगामात फेकीतून ४,००० यार्डांचा पल्ला गाठलेला नाही, हेही ते फीत दाखवण्यापूर्वी सांगतात.

पण मी हे सगळं सांगतेय ते पाच वाजेपर्यंत वेळ काढायला.

पाचच्या सुमाराला सातवी फेरी चालू असते. पडद्याकडे कुणी बघत नाही, टीव्हीवाल्यांनाही त्यात रस नसतो, नावं खालच्या पट्टीतून सरकत जातात. तेव्हा काका माइक घ्यायचे. शाळेच्या बक्षीस समारंभात वाचतात तसं वाचायचे: नाव, कॉलेज, कितवा क्रमांक. बेअर्सच्या पोराचं नाव आलं की टाळ्या फक्त पॅकर्सवाल्यांनी वाजवायच्या, आणि उलट. ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या खेळाडूला अमेरिकेत "मिस्टर इररेलेव्हंट" म्हणतात, म्हणजे श्रीयुत बिनकामाचे. १९७६ पासून त्याला कॅलिफोर्नियात नेऊन आठवडाभर त्याचा उत्सव करतात. गंमत प्रेमाची आहे, पण काकांना नाव खटकायचं. "आमच्या शाळेत बिनकामाचा कुणी नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ." तेव्हापासून आमच्याकडे सातव्या फेरीला उत्तेजनार्थच म्हणतात. पोरंसुद्धा, आपापल्या उच्चारात.

यादी वाचून झाली की ते थोडं बोलायचे. पॅकर्सवाल्यांकडे वळून रिचर्ड डेंट सांगायचे: १९८३ साली आठव्या फेरीत, २०३वा, बेअर्सनी घेतलेला, त्या ४६-१० च्या सामन्याचा मानकरी तोच. मग आमच्याकडे वळून बार्ट स्टार: १९५६ साली सतराव्या फेरीत, २००वा, पॅकर्सनी घेतलेला, पहिले दोन्ही सुपर बोल त्याच्या हातून जिंकले. "आता फेऱ्या सातच ठेवल्यात," काका म्हणायचे. "आठव्या न् सतराव्या फेरीतलं नाव आज कुणी वाचलंच नसतं." मग डोनाल्ड ड्रायव्हर, १९९९, सातवी फेरी, पॅकर्ससाठी कॅचमधून १०,००० यार्डांच्या वर. दर वर्षी तेच तिघं, त्याच क्रमानं. आणि दर वर्षी "कुणी वाचलंच नसतं"ला मला चहाचा कप खाली ठेवावा लागायचा.

२०२२ ला त्यांनी सगळ्यात शेवटचं नाव वाचलं: ब्रॉक पर्डी, आयोवा स्टेट, २६२वा. बेअर्सचा नाही, पॅकर्सचा नाही, टाळ्या कुणी वाजवायच्या यावर गोंधळ झाला, शेवटी काकांनी एकट्यानंच वाजवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत पर्डी सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोल खेळत होता. त्या संध्याकाळी आपण हॉलमध्ये होतो असं आता चाळीसेक जण सांगतात. वहीप्रमाणे एकोणीस होते.

मदत करणाऱ्यांचे आभार इथेच मानते, नाहीतर राहून जाईल. नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून गावांवरून. पडदा आणि तारा दर वर्षी नेपरविलचे दोघे भाऊ. थोरल्याची पाठ २०१९ ला धरली होती तरी आले. मसालेभात ऑरोराच्या काकू, वडे त्यांच्या जाऊबाई (गेल्या लेखात मी वडेही काकूंचे लिहिले होते, चुकलं, दोनदा फोन येऊन गेला). जिलबीची ऑर्डर पालाटाइनचे आजोबा, पैसे आधी भरतात आणि पावती कधी देत नाहीत. खुर्च्या लावायला हायस्कूलची पोरं, खुर्च्या उचलायला त्यांचे बाप. फळ्यावर बत्तीस संघांचा तक्ता आखणाऱ्या वॉकिगनच्या ताई, ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही असं त्या स्वतः सांगतात आणि तक्त्यात एक चूक नसते. हॉलचा चौकीदार, मराठी नाही, पण पाच वाजता दाराशी येऊन उभा राहतो. समईचे सेल? ते मीच आणते. कुणी राहिलं असेल तर फोन करा, भांडू नका.

२०२३ चा मेळावा झाल्यावर काका कोल्हापूरला परत गेले, कायमचे. पुढच्या वर्षी कोण वाचणार यावर कमिटीत तीन बैठका झाल्या आणि शेवटी कुणीच वाचलं नाही. मी आजारी आहे असं सांगून साडेचारला घरी गेले. आजारी नव्हते.

गेल्या वर्षी, २०२५ ला, ड्राफ्ट थेट ग्रीन बेला. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, तीन दिवसांत सहा लाखांच्या घरात माणसं. भाऊ अर्थातच तिकडे. पॅकर्स हा संघ कुणा धनाढ्याचा नाही, भागधारकांचा. भाऊंनीही २०२१ ला ३०० डॉलर भरून एक शेअर घेतलाय. लाभांश नाही, विकता येत नाही, भिंतीवर लावता येतो. आपलं आजीव सभासदत्व, दुसरं काय. त्यांच्याबरोबर अकरा गाड्या गेल्या. हॉलमध्ये एकतीस माणसं. सगळ्यांना मी आधी कळवलं होतं की पडदा आहे, जेवण आहे. असो.

पाचला माझी मुलगी उठली. ती मॅडिसनला शिकते, म्हणजे घरात पॅकर्स आलेच. माइक घेतला आणि शेजाऱ्यांची, म्हणजे आमची, बेअर्सची यादी काढली. सातव्या फेरीत एकच नाव होतं. "काइल मोनंगाई, रटगर्स, क्रमांक दोनशे तेहेतीस, उत्तेजनार्थ." तेहेतीस म्हणताना अडखळली. टाळ्या वाजवायला पॅकर्सवाले हॉलमध्ये तिघंच, बाकी सगळे ग्रीन बेला. तिघांनी वाजवल्या. मग नेपरविलच्या थोरल्यानं पॅकर्सचे दोघे वाचले, मायका रॉबिन्सन आणि जॉन विल्यम्स, आणि आम्ही अठ्ठावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याचा व्हिडिओ काकांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

नोव्हेंबरमध्ये, बेअर्सचा सिनसिनाटीशी सामना होता त्या रविवारी, दुपारी सव्वातीनला फोन वाजला. तिकडे पहाटेचे पावणेतीन. मोनंगाई १७६ यार्ड पळाला होता. काकांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"पोरगी कुठाय? तिला दे फोन. तेहेतीस म्हणायला शिकली का बघू."