डीत लवकर पोचू नका

हॉकीच्या उन्हाळी शिबिरात पोरांना रांगेत उभं करून थांबलेले बॉल गोलवर मारायला लावतात. मनगट तयार होतं, पण सामन्यात बॉल थांबलेला मिळतो कुठे? त्यापेक्षा हा सराव लावा.

तीन खेळाडू, आठ बॉल, खुणेचे दोन कोन (शंकू). पहिला मैदानाच्या मधोमध, २३ मीटर रेषेच्या दहा पावलं मागे. दुसरा त्याच रेषेवर, उजव्या साइडलाइनपासून पाच मीटर आत. तिसरा डीबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर, डावीकडे. एक कोन डीच्या माथ्यावर. दुसरा उजवीकडे, डीच्या आत, बेसलाइनपासून पाच मीटरवर.

पहिल्याने दुसऱ्याला पुश (स्टिकने ढकललेला पास) द्यायचा. दुसऱ्याने छाती गोलकडे ठेवून बॉल घ्यायचा, कोनापर्यंत पळवत न्यायचा आणि तिथून मागे, पेनल्टी स्पॉटकडे काढायचा. तिसऱ्याने गोलच्या जवळच्या खांबावर यायचं, पहिल्याने स्पॉटवर. स्पॉट गोलरेषेपासून ६.४० मीटर.

बहुतेक वेळा बिघडतं ते इथे. पहिला आधीच स्पॉटवर जाऊन उभा राहतो. उभ्या माणसाला बचाव करणारा सहज झाकतो, शिवाय पास जरा मागे आला की बॉल पायात अडकतो. म्हणून त्याने माथ्यावरच्या कोनाशी वेग धरून ठेवायचा. दुसऱ्याने मान वर केली की सुटायचं. स्टिक आधीपासून जमिनीला लागलेली, गुडघे वाकलेले. मारताना बॉल डाव्या टाचेच्या रेषेत हवा. फार पुढे राहिला की स्टिक खालून लागते आणि बॉल उडतो.

खांबावरच्याने मारायचं नाहीच. स्टिक तिरकी धरायची, बॉल स्वतःच वळतो.

नागपुरात बरीच पोरं अजून मुरमावरच शिकतात. तिथे बॉल उसळतो, त्यामुळे एका टचमध्ये मारण्याचा हट्ट नको: एक टच अडवायला, दुसरा मारायला. अडवताना दांडा पुढे झुकलेला ठेवा, नाहीतर बॉल स्टिकवर चढून अंगावर येतो. आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवला तर सकाळी बराच फरक पडतो. मे महिन्यात आठच्या आत आटपा.

आठ बॉल झाले की जागा बदला. उजवी बाजू नीट बसल्यावरच डावीकडून करा. तिथून आत पास द्यायला पाय बॉलभोवती फिरवावे लागतात, नाहीतर रिव्हर्स (उलटी फिरवलेली स्टिक) वापरावा लागतो. नवीन पोरांचा पास तिथे हमखास बेसलाइनबाहेर जातो. बचाव करणारा त्यानंतर आणा, आणि आधी एकच, स्पॉटवर.