विंडोलांडाची खोली: आठ केले, तीन ठेवले

विंडोलांडा हे उत्तर इंग्लंडमधलं रोमन लष्करी ठाणं. तिथल्या बराकीतल्या एका खोलीचं मॉडेल करतोय. मागच्या खेपेला त्यातले आठही शिपाई रंगवून दाखवले होते. माप १:३२, उंची ५४ मिमी. एका खोलीत आठ जण आणि अशा दहा खोल्या मिळून ८० जणांची तुकडी, म्हणजे सेंच्युरी, हा रोमन हिशेब. त्यातले पाच आता डब्यात गेलेत.

विंडोलांडालाच सापडलेल्या एका लाकडी पाटीनं घोळ घातला. पहिल्या शतकाच्या अखेरची, १८ मेची हजेरी: तुंग्रियन पलटणीचे एकूण ७५२, बाहेरगावी ४५६. त्यातले ३३७ जवळच्या कॉर्ब्रिजच्या ठाण्यावर. विंडोलांडाला उरले २९६, म्हणजे आठांत तीन. सहा सेंच्युरियनांपैकी, म्हणजे तुकडीच्या नायकांपैकी, मुक्कामाला एकच! आणि मी खोलीत परेड भरवून बसलो होतो.

२९६ मधलेही ३१ कामाला निकामी. १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. हे वाचल्यावर राहवेना. एकाचा भाला धरलेला हात खांद्यातून कापला, एम-सीलनं नवा केला. आता तो भिंतीला टेकून डोळ्यांवर ओला फडका धरून बसलाय. तिघांत हाच सगळ्यात जमलाय.

दुसरी चूक चिलखताची. किटमधले सैनिक पट्ट्यांच्या चिलखतातले, म्हणजे लीजनचे, रोमन नागरिकांच्या मुख्य फौजेचे. तुंग्रियन मात्र सहायक पलटणीतले, त्यांना कड्यांचं चिलखत. पट्ट्या घासून काढल्या, अंगावर नुसते अंगरखे ठेवले. खोलीत चिलखत घालून बसतंय कोण? ते खुंटीवर लटकवलं: चहाच्या जुन्या गाळणीची जाळी, काळा प्रायमर, वरून चंदेरी कोरडा ब्रश.

भिंती कुडाच्या, त्या झटपट झाल्या. जमिनीवर तिथे वाळकं नेचं पसरलेलं असे. मी चहाचा वाळवलेला चोथा आणि काथ्याचे तुकडे टाकले. गहू शिपायांनीच दळायचा, म्हणून कोपऱ्यात जातं. आजीच्या जात्यासारखंच, दोन तळ्या आणि खुंटा. साडेबारा मिलिमीटरच्या चकतीत खुंट्याचं भोक पाडताना तीन तळ्या फुटल्या.

राहिले मोजे. दुसऱ्या एका पाटीत कुणाला तरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन लंगोट पाठवल्याचं लिहिलंय. टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये बुडवून मोज्यांची जोडी दोरीवर घातली. वाळून पापडासारखी कडक झालीय आणि एक मोजा वर वळलाय. उद्या पुन्हा करतो, फेविकॉल पातळ करून.