आमची वाटचाल : ३८४ किलोहर्ट्झपर्यंत

माणसाच्या कानापलीकडचे, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचे आवाज टिपणारे रेकॉर्डर आमच्या पुण्यातल्या कार्यशाळेत बनतात, दुरुस्त होतात आणि हंगामापुरते भाड्यानंही मिळतात. गिऱ्हाईक मोजकं, पण जाणतं. वटवाघळांचे अभ्यासक, पावसाळ्यात लांब मिशांच्या नाकतोड्यांमागे फिरणारे हौशी लोक, पवनचक्क्यांच्या जागेची पाहणी करणारे सल्लागार. सुरुवातीला पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणून आम्ही हेटरोडाइन डिटेक्टर, म्हणजे वटवाघळाची हाक जागच्या जागी आपल्या कानाच्या पट्टीत उतरवून ऐकवणारी यंत्रं, जुळवायचो. डायल ४५ किलोहर्ट्झवर ठेवली की पिपिस्ट्रेल हे छोटं वटवाघूळ डोक्यावरून जाताना टपटप ऐकू येतं, पण नंतर तपासायला हातात काहीच उरत नाही. मेम्स, म्हणजे चिपवरचे चिमुकले, मायक्रोफोन स्वस्त झाले, २०१७ च्या सुमारास तीन पेन्सिल सेलवर चालणारा आणि ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग करणारा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने घेणारा, ऑडिओमॉथ हा रेकॉर्डर आला, आणि आम्हीही पूर्ण वर्णपटाच्या, म्हणजे सगळी पट्टी जशीच्या तशी नोंदवणाऱ्या, रेकॉर्डरकडे वळलो. त्यानंतरची वर्षं नेमानं काम करण्यात गेली.

सविस्तर सांगायचं आहे ते एका निविदेबद्दल.

लेणी आणि किल्ल्यांवरच्या वटवाघळांच्या पाहणीचं मोठं काम निघालं होतं. अटींमध्ये एवढंच लिहिलेलं : अल्ट्रासॉनिक रेकॉर्डर, सॅम्पलिंग किमान २०० किलोहर्ट्झ. मायक्रोफोनबद्दल, फिल्टरबद्दल एक अक्षर नाही. आमचा दर ३८४ च्या यंत्राचा. दुसऱ्या एका विक्रेत्यानं २५० किलोहर्ट्झचं यंत्र आमच्या निम्म्याहून कमी दरात दिलं, आणि काम त्याला गेलं. २०२१ च्या चिपटंचाईत आम्ही चढ्या भावानं माल उचलून ठेवला होता, तो तसाच अडकला. ऑसिलोस्कोप आणि हॉट एअर स्टेशन विकायला काढण्यापर्यंत वेळ आली. कमी दराला हरलो याचा राग नाही. धंद्यात ते चालायचंच. राग आहे तो त्या यंत्रातून जे बाहेर पडलं त्याचा.

खरी नोंद सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच मिळते; २५० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग म्हणजे फक्त १२५ पर्यंत. त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी लो-पास, म्हणजे वरची पट्टी अडवणारा, फिल्टर लागतो. त्या यंत्रात तो नव्हताच. मग वरचा आवाज नाहीसा होत नाही, १२५ च्या रेषेवर दुमडून खाली येतो. आपल्या लेण्यांमध्ये पानासारख्या नाकाचं हिप्पोसिडेरॉस फुल्व्हस राहतं. त्याची हाक दीडशे किलोहर्ट्झच्या आसपासची. २५० मधून १५० वजा केले की राहतात १००. आणि शंभरच्या आसपास कोण ओरडतं? नालाच्या आकाराच्या नाकाचं ऱ्हायनोलोफस लेपिडस. म्हणजे एका वटवाघळाची नोंद दुसऱ्याच्या नावावर. ती चूक सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण त्याला शंभरची सरळ रेघ दिसते आणि ते नाव देऊन मोकळं होतं.

हे पकडलं आमच्या सर्वांत जुन्या ग्राहक असलेल्या प्राध्यापक मॅडमनी. आमचा पहिला हेटरोडाइन डिटेक्टर घेतला तोही त्यांनीच. त्या पाहणीतल्या काही फायली त्यांच्याकडे तपासायला आल्या, आणि त्यांनी वर्णपट मोठा करून हाकेचं शेपूट पाहिलं. या दोन्ही कुळांची हाक बराच वेळ एका पट्टीत चालते आणि शेवटी झपकन खाली उतरते. त्या फायलींमध्ये शेपूट वर वळलेलं होतं. १५० वरून १३० ला उतरणारा आवाज दुमडला की १०० वरून १२० ला चढताना दिसतो. असं उलटं शेपूट या कुळांतलं कुठलंही वटवाघूळ काढत नाही. मॅडमनी फायली आमच्याकडे पाठवल्या. तेच यंत्र मिळवून आम्ही सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल लहान कपॅसिटरमधून थेट प्रीअँपला, म्हणजे मायक्रोफोननंतरच्या प्रवर्धकाला, दिला आणि १०० पासून १८० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढवला. पडद्यावर रेघ १२५ पर्यंत चढली आणि तिथून तितक्याच वेगानं खाली येऊ लागली. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. खरेदीआधी कोणीही करून घेऊ शकतं. विक्रेता नाही म्हणाला, तर त्याच्याकडून घेऊ नका.

त्या पाहणीच्या अहवालात दुरुस्ती झाली नाही. आम्ही आणि मॅडमनी लेखी कळवलं, त्याला उत्तर आलं नाही, आणि तो विक्रेता आजही तेच यंत्र विकतो. मॅडमनी मात्र आपल्या प्रकल्पाची पुढची सगळी यंत्रं आमच्याकडून घेतली आणि रक्कम आगाऊ दिली. कार्यशाळा चालू राहिली ती त्यामुळे.

आता आमच्या कामाविषयी. मेम्स मायक्रोफोन तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो आणि त्याचं आवाजाचं छिद्र एखाद्या मिलिमीटरचं. ५० किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर, १०० ला साडेतीन. त्यामुळे छिद्राभोवतीची प्रत्येक कड, खाच, जाळी आवाज बदलते. छिद्र खालच्या बाजूला असलेला मायक्रोफोन १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर बसवला, तर बोर्डातलं भोक छोटी नळी होतं आणि वरच्या पट्टीची धार बोथट होते. म्हणून आम्ही ०.८ चा बोर्ड वापरतो. झाळणी झाल्यावर बोर्ड धुवायचा नाही. आयसोप्रोपिल आणि फ्लक्स छिद्रात गेलं की मायक्रोफोन संपला. चिमट्याऐवजी व्हॅक्यूम पेन वापरणाऱ्यांनी ते छिद्रावर टेकवू नये, आतला पडदा फाटतो. आणि हे मायक्रोफोन अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये कधीही टाकू नका.

वीजपुरवठ्याकडे लोक बघतच नाहीत. बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा भाग, कमी भारावर असला की वीज वाचवण्यासाठी आपली स्विचिंगची गती उतरवतो, आणि ती उतरून नेमकी आपल्या पट्ट्यात, काही दहा किलोहर्ट्झवर येऊन बसते. वर्णपटावर आडवी, सरकती रेघ दिसली तर आधी तोच संशय घ्या. आमच्या यंत्रात मायक्रोफोनला वेगळा लिनियर, म्हणजे स्विचिंग न करणारा, रेग्युलेटर आहे. सेल थोडे लवकर उतरतात, पण नोंद स्वच्छ राहते. आणि यंत्र एलईडी दिव्याच्या खांबाला बांधू नका. दिव्याच्या ड्रायव्हरचा गोंधळ कुठलाही फिल्टर पूर्ण काढत नाही.

कुठलं यंत्र घ्यावं, असं विचारणाऱ्याला आम्ही आधी उलट विचारतो : प्राणी कोणता? नाकतोडे आणि उघड्यावर उडणारी पिपिस्ट्रेल, टॅफोझस ही वटवाघळं एवढंच हवं असेल, तर चांगला फिल्टर असलेलं १९२ किंवा २५० चं यंत्र पुरतं. पैसे वाचवा आणि ते मायक्रोफोनवर घाला. लेणी, भुयारं, पाननाक्यांच्या (पानासारख्या नाकाच्या वटवाघळांच्या) वसाहती असतील, तर ३८४ च्या खाली जाऊ नका. ३८४ ला खरी नोंद १९२ पर्यंत मिळते आणि आपल्याकडच्या बहुतेक वटवाघळांच्या हाका त्यात बसतात. मोबाइलला जोडायचे यूएसबी मायक्रोफोन, पेटरसनचा एम५००-३८४ किंवा डोडोट्रॉनिकचा अल्ट्रामाइक ३८४के, हातात धरून फिरायला उत्तम. रात्रभर सोडायचं तर एकसंध रेकॉर्डरच हवा. जाहिरात वाचल्यासारखे नुसते आकडे वाचू नका. मायक्रोफोनचा प्रतिसादाचा आलेख मागा आणि तो ८० किलोहर्ट्झनंतर किती उतरतो ते बघा.

कार्डाचा हिशोब आधी करा. ३८४ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनल म्हणजे मिनिटाला सुमारे ४६ मेगाबाइट, तासाला पावणेतीन गिगाबाइट, बारा तासांच्या रात्रीला ३३. चौसष्टचं कार्ड सलग दोन रात्री पुरत नाही. बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे नवं कार्ड एफ३ किंवा एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासल्याशिवाय रानात नेऊ नका. ट्रिगर लावून, म्हणजे आवाज आला तरच नोंद सुरू होईल असं ठेवून, जागा वाचते, पण पावसाळ्यात नाकतोडे १५ ते ३० किलोहर्ट्झचा पट्टा रात्रभर भरून टाकतात आणि ट्रिगर बंदच होत नाही. पाननाकीच हवी असतील, तर ट्रिगरची खालची मर्यादा सरळ ६० किलोहर्ट्झवर न्या.

यंत्र भिंतीला किंवा खोडाला चिकटवून ठेवलं, तर परावर्तित आवाज मूळ आवाजात मिसळून वर्णपटावर ठराविक अंतरानं खाचा पडतात. दोन-तीन मीटर उंच काठीवर, फांद्यांपासून दूर, मायक्रोफोन किंचित खाली झुकवून लावा. हवाही आवाज खाते. ४० किलोहर्ट्झला मीटरमागे साधारण सव्वा डेसिबल, १०० ला तीनाच्या वर. म्हणजे दहा मीटरांत ३० डेसिबल गेले. म्हणून मोकळ्या माळावर पाननाकी सापडली नाहीत याचा अर्थ ती तिथे नाहीत असा लावू नका. गुहेच्या तोंडाशी, वटवाघळांना वाट सोडून, जवळ लावा. संरक्षित क्षेत्र असेल तर वनविभागाची लेखी परवानगी सोबत ठेवा.

भाड्याचं प्रत्येक यंत्र जाताना आणि परत येताना आम्ही मोजतो. अंतर मोजणारं एचसी-एसआर०४ मॉड्यूल ४० किलोहर्ट्झचे आठ स्पंद सोडतं. ते मायक्रोफोनसमोर बरोबर १ मीटरवर ठेवून पातळी वहीत लिहितो. परतल्यावर ६ डेसिबल कमी भरली, म्हणजे संवेदनक्षमता निम्म्यावर आली, की मायक्रोफोन बदलतो. पण ही मोजणी ४० चीच. वरची पट्टी गेली का हे बघायला नव्या यंत्राशेजारी जुनं ठेवून चाव्यांचा जुडगा वाजवावा आणि दोन्ही वर्णपट एकाखाली एक लावावे. ओल धरलेला मायक्रोफोन आधी वरच्या पट्टीतच खचतो. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावं, सिलिका जेलची पुडी बदलायच्या वेळीच.