थेंबाला नेमके कोण ओढते?

प्रॉपिलीन ग्लायकॉल (एक रंगहीन, दाटसर द्रव) आणि पाणी यांच्या मिश्रणाचे दोन थेंब स्वच्छ काचपट्टीवर थोड्या अंतरावर ठेवले, तर ते एकमेकांकडे सरकू लागतात. अनेक खाद्यरंगांमध्ये हेच मिश्रण असते, त्यामुळे हा प्रयोग घरी करता येतो, असे मी वाचले होते. पहिल्या दिवशी मात्र माझे थेंब जागचे हलले नाहीत. दोष थेंबांचा नव्हता, काचेवरच्या बोटांच्या ठशांचा होता. त्वचेच्या तेलकटपणाचा नजरेला न दिसणारा थरही थेंबाची कड धरून ठेवायला पुरतो. काच साबणाने धुऊन, भरपूर पाण्याखाली धरून, वाळवून आणि शेवटी ज्योतीवरून फिरवून थंड होऊ दिली, तेव्हा कुठे निळा थेंब लाल थेंबाच्या दिशेने निघाला.

या हालचालीचे मूळ पृष्ठताणात आहे. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना आतले रेणू ओढून धरतात, त्यामुळे तो पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. साधारण तापमानाला पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, तर इथेनॉलचा, म्हणजे मद्यातील अल्कोहोलचा, जेमतेम २२. एकाच पृष्ठभागावर ताण कुठे कमी आणि कुठे जास्त असेल, तर द्रव कमी ताणाकडून जास्त ताणाकडे ओढला जातो. या परिणामाला इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांचे नाव मिळाले. त्यांचा प्रबंध १८६५ मधला. पण वाइनच्या पेल्याच्या आतल्या बाजूने चढणाऱ्या आणि ओघळणाऱ्या थेंबांचे कारण जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच सांगितले होते. नाव कोणाचे टिकावे याला विज्ञानातही फारसा हिशेब नसतो.

शुद्ध पाणी अशा स्वच्छ काचेवर पसरते आणि शुद्ध ग्लायकॉलही पसरते. दोघांचे मिश्रण मात्र गोल थेंब होऊन बसते. या कोड्याने मला सर्वांत जास्त अडवले. ग्लायकॉलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो. बाष्पीभवन थेंबाच्या कडेला सर्वांत वेगाने होते आणि ग्लायकॉलपेक्षा पाणी फार लवकर उडते, म्हणून कडेला ग्लायकॉलचे प्रमाण वाढून तिथला ताण मधल्या भागापेक्षा कमी होतो. परिणामी द्रव कडेकडून मध्याकडे ओढला जात राहतो आणि थेंब स्वतःला आवरून धरतो.

आता शेजारी दुसरा थेंब आला की त्याची वाफ मधल्या हवेतील आर्द्रता वाढवते. त्या बाजूचे बाष्पीभवन मंदावते, तिथल्या कडेला पाणी अधिक शिल्लक राहते आणि म्हणून ताणही अधिक राहतो. थेंबाभोवती काचेवर द्रवाचा जो अतिशय पातळ थर असतो, तो थेंबाला सर्व बाजूंनी बाहेर ओढत असतो. एका बाजूची ओढ वाढली की समतोल मोडतो आणि थेंब तिकडे सरकतो. दोन थेंबांमध्ये आकर्षण असते, असे मी आधी धरून चाललो होतो, ते चूक होते. शेजारी केवळ हवा बदलतो; ओढाताण ज्याची त्याची असते. खात्री करण्यासाठी मी थेंबाजवळ ओला कापूस धरला, तर तो कापसाकडेही तितक्याच निष्ठेने निघाला. नेट सिरा, अद्रिएन बेनुसिग्लिओ आणि मनू प्रकाश या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ही उकल मांडली.

स्पर्श झाल्यावरचा प्रकार आणखी मजेशीर आहे. दोन्ही थेंबांतील प्रमाण सारखे असेल तर ते एक होतात. प्रमाणात पुरेसा फरक असेल, तर मात्र ग्लायकॉल जास्त असलेला, म्हणजे कमी ताणाचा थेंब दुसऱ्याच्या मागे लागतो आणि जास्त पाणी असलेला पुढे पळतो. हा पाठलाग पाहताना थेंबांना हेतू चिकटवण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

ताणातील फरक द्रवातच असावा लागतो असेही नाही. १९९२ मध्ये मनोज चौधरी आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी सिलिकॉनच्या चकतीवर असा लेप दिला की एका टोकाला तिचा पृष्ठभाग पाणी झिडकारणारा होता आणि दुसऱ्या टोकाकडे तो क्रमाने पाणी धरून ठेवणारा होत गेला. चकती १५ अंशांनी तिरकी ठेवली असतानाही पाण्याचा थेंब तिच्यावर वरच्या दिशेने चढत गेला. तापमानातील फरकही चालतो, कारण तापल्यावर पृष्ठताण घटतो. पट्टीचे एक टोक गरम असेल तर तिच्यावरचा थेंब बहुधा थंड बाजूकडे जातो. याउलट द्रवात बुडालेला हवेचा बुडबुडा गरम बाजूकडे जातो, कारण त्याच्या पृष्ठभागावरील द्रव थंड बाजूकडे ओढला जातो आणि बुडबुडा उलट दिशेने ढकलला जातो.

या सर्वांना 'स्वयंचलित' म्हणतात, तो शब्द मला थोडा खटकतो. माझ्या काचेवरच्या थेंबाला ऊर्जा मिळत होती ती पाणी उडून जाण्यातून, आणि तो साठा मर्यादित होता. काही वेळाने त्याची चाल मंदावली, कडा सैल पडल्या आणि इतका वेळ आवरून बसलेला तो निळा थेंब काचेवर सपाट पसरला.