दादाचा ताप आणि तळाशी बसलेले पिवळे कण

दादाला फाल्सिपेरम मलेरिया झाला तेव्हा मी एम. फार्मच्या पहिल्या वर्षाला होते. डॉक्टरांनी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही दोन औषधांची एकत्र गोळी दिली. एका वेळी ४ गोळ्या, ३ दिवसांत ६ डोस. "पोटात काहीतरी स्निग्ध गेल्यावरच घ्या," असं बजावलंही. आई मऊ भातावर तूप घालून उशाशी बसलेली आणि दादा भिंतीकडे तोंड करून म्हणतोय, "वास नको गं, आई." शेवटी सायीचं अर्धा कप दूध कसंबसं गेलं, त्यावर गोळ्या.

ल्युमेफॅन्ट्रिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. निरोगी माणसांना ते भरपूर स्निग्ध जेवणानंतर दिलं, तर उपाशीपोटी दिल्यापेक्षा सुमारे १६ पट जास्त शोषलं जातं. म्हणजे औषधाला तूप हवं आणि तापाने फणफणलेल्या माणसाला तुपाचा वास सोसत नाही. मग तेल औषधातच घातलं तर? माझ्या प्रोजेक्टचा विषय असा घरातच ठरला.

त्यासाठी मी नॅनोइमल्शन करायचं ठरवलं. नॅनोइमल्शन म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे. औषध त्या तेलात आधीच विरघळलेलं असतं, त्यामुळे ते विरघळवण्याचं पोटाचं काम वाचतं. आधी कुठल्या तेलात औषध जास्त मुरतं ते पाहिलं. ओलेइक अ‍ॅसिड सरस ठरलं. सोबत तेलाचे थेंब पाण्यात पसरलेले ठेवणारं ट्वीन ८० आणि त्याच्या मदतीला पीईजी ४०० हे द्रावक. मग तिन्हींची प्रमाणं बदलत थेंब थेंब पाणी घालायचं आणि मिश्रण स्वच्छ राहतं की गढूळतं ते टिपायचं. यात सव्वा महिना गेला. एका दुपारी व्हायल, म्हणजे काचेची छोटी बाटली, उजेडात धरली आणि आत निळसर झाक दिसली. थेंब बारीक झाल्याची ती खूण. मी तशीच पळत माझ्या गाइड मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

पंधरा दिवसांनी फ्रिज उघडला, तर त्याच व्हायलच्या तळाशी पिवळे कण. ल्युमेफॅन्ट्रिन बाहेर पडलं होतं. मला रडू आलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "तू तेल काठोकाठ भरलंयस गं," म्हणाल्या. तेलात मावेल तितकं सगळं औषध मी कोंबलं होतं. गारठ्यात विद्राव्यता घटली की जास्तीचं बाहेर येणारच. दुसरी चूक पीईजीची. ते पाण्यात सहज मिसळतं, त्यामुळे पाणी वाढलं की तेलाला सोडून तिकडे जातं आणि त्याच्या आधारावर विरघळलेलं औषध उघडं पडतं. ट्वीन वाढवून वेळ निभावता आली असती, पण ते जास्त झालं तर पोटाला त्रास होतो, आणि हे औषध आधीच मळमळणाऱ्या माणसासाठी आहे. मी औषध कमी केलं, पीईजी कमी केलं, तेल थोडं वाढवलं. थेंब जरा मोठे झाले, तरी दीडशे नॅनोमीटरच्या आत राहिले. मला ते चाललं.

मग मिश्रण टिकतं का ते पाहायला सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवणं, गोठवणं-वितळवणं, १०० पट पाण्यात मिसळून पाहणं. दर वेळी आधी तळाकडेच नजर जायची. ३ महिने झाले, तळ स्वच्छ आहे.

उपाशीपोटी दिलं तर रक्तात किती पोचतं, हे काचेच्या भांड्यात कळत नाही. उंदरांवरच्या चाचणीचा प्रस्ताव प्राणी नीतिमत्ता समितीकडे दिला आहे. त्यात पहिला गट उपाशी उंदरांचा ठेवलाय.