त्याच्या आईचं नाव

आठवीत बाईंनी इतिहासाच्या तासाला १७३७ साल शिकवलं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. त्या साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. तोच किल्ला, जिथे आता सेंट्रल जेल आहे. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. बाई रंगात आल्या होत्या, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून माझ्या पाठीत कर्कटक रुतलं. "ए पाववाल्या, तुमचा किल्ला घेतला बघ."

आता आमचं घराणं नगरकडचं. पणजोबा ख्रिस्ती झाले ते अमेरिकन मराठी मिशनच्या काळात. वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर. घरात बाजरीची भाकरी. पाव आणलाच तर तापातल्या माणसाला चहात बुडवून द्यायला. पोर्तुगीजांशी आमचा संबंध वर्गातल्या इतर कुणाहूनही जास्त नव्हता. पण हे मधल्या सुट्टीत समजावणार कुणाला?

त्याचं नाव लिहीत नाही, आमच्या तुकडीतल्यांना कळेलच. दप्तर लपवणं रोजचंच होतं. एकदा माझ्या नव्या वहीवर त्याने शाईने 'बाटग्या' लिहिलं. वही घेऊन मी घरी आलो तो आई शाळेत येऊन त्याची खरडपट्टी काढेल या आशेने. आईने स्टोव्ह बारीक केला, वहीला खाकी कव्हर घातलं आणि म्हणाली, "रात्री त्याच्यासाठी प्रार्थना कर."

केली. "प्रभू, त्याचा पाय मोडू दे." दुर्दैवाने मोठ्याने केली.

"ही काय प्रार्थना झाली? आणि नुसतं 'तो, तो' काय? घरी कोण कोण आहे, त्याच्या आईचं नाव काय, विचारून ये. काही माहीतच नाही, तर मागणार काय त्याच्यासाठी?"

जो आपल्याला छळतो त्याला आईचं नाव कसं विचारायचं? कोपरीत त्याच्याच चाळीत राहणाऱ्या एका मुलाला गाठलं. नाव कळलं, आणि बाकीचंही. वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याला नाताळापर्यंत अकरा महिने होऊन गेले होते. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जात होती. मग माझ्या लक्षात आलं, की हा डबाच आणत नाही. सगळे डबे उघडून बसले की याला काहीतरी करत हिंडावंच लागायचं, आणि हिंडत तो नेमका माझ्यापाशी यायचा.

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, आम्ही बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय पाठ केला होता. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. खरं सांगतो, मला त्यातले निखारेच आवडले होते. नाताळच्या आठवड्यात घरी फराळ झाला, तशा सहा करंज्या डब्यात घालून नेल्या त्या निखाऱ्यांसाठीच.

त्याने करंजी हुंगली. "काय घातलंय ह्यात?"

"खोबरं, रवा, वेलची."

"मग आमच्यासारखीच आहे की!" कुणीतरी फसवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. दोन तिथेच खाल्ल्या. उरलेल्या चार माझ्याच वहीचं पान टरकावून त्यात बांधल्या आणि निघून गेला. थँक यू वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'पाववाल्या'च होतो. कर्कटक मात्र त्यानंतर टोचलं नाही. मी घरी कुरकुर केली, की काहीच झालं नाही.

"मग काय, त्याने रडत तुझ्या पाया पडायला हवं होतं?" आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चार कुणासाठी नेल्या रे त्याने?"

ते मी विचारलंच नव्हतं. पुढे कळलं, दोन धाकट्या बहिणी होत्या. मग त्यांचीही नावं रात्रीच्या प्रार्थनेत आली. त्याच्यासाठी काही मागताना दात आवळले जायचे, ते मात्र बरेच महिने सुटले नाहीत.

जूनमध्ये नववीचा वर्ग भरला तेव्हा तो नव्हता. बिऱ्हाड कोकणात गावी गेलं, एवढंच कळलं. आमची कधी दोस्ती झाली नाही, भांडण मिटल्याचंही आठवत नाही. या स्मरणिकेसाठी समितीने १९८५ च्या दहावीच्या बॅचची यादी पाठवली. त्यात तो असणार नाही हे ठाऊक असूनही मी ती दोनदा वाचली.

त्याचा चेहरा आता पुसट झालाय. त्याच्या आईचं नाव मात्र अजून रात्री येतं, बायकोच्या गुडघ्यांच्या आणि लेकीच्या व्हिसाच्या मध्ये कुठेतरी. त्या कुटुंबाचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल, तर समितीकडे जरूर कळवा.